तिसऱ्या गेटजवळची एकच सूचना चार ठिकाणी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पावसाचं पाणी साचतं, तिथली गटार रुंद करावी. समजा, वॉर्डाच्या सूचना-साइटवर ही गोष्ट चौघांनी मांडली. एकानं लिहिलं ‘तिसरं गेट’, दुसऱ्यानं ‘थर्ड गेट’, तिसऱ्यानं आकडा घालून ‘३ रे गेट’, आणि चौथ्या बाईंनी कन्नडमधून ‘मूरने गेट’. मतं पडली अठरा, सतरा, बावीस आणि तेरा. त्याच आठवड्यात ‘उद्यानात ओपन जिम करा’ अशी एकच सूचना आली, तिला पन्नास मतं. यादीत जिम पहिली. सत्तर जणांनी मांडलेली गटार मात्र खाली चार ठिकाणी विखुरलेली, आणि नगरसेवकांना दाखवायला जी पहिल्या पाचांची यादी छापतात तिच्यात ती कुठेच नाही.

अशा साइट आता गल्लीतली मंडळं चालवतात, गावचे तरुण चालवतात, काही ठिकाणी पंचायतीही चालवतात. कारभार सुधारायचा म्हटलं की बहुतेक जण मत द्यायचं बटण मोठं करतात, ॲप काढतात, बक्षीस लावतात. मूळ दुखणं तिथे नसतं. सूचना घेतानाच चुकलं तर पुढे कुठलंही सूत्र लावा, क्रम चुकीचाच लागतो. सूचना नीट घेतल्या पण क्रम मतांच्या नुसत्या बेरजेवर लावला, तर जो आधी आला आणि ज्याचा व्हॉट्सॲप ग्रुप मोठा, त्याचंच वर दिसतं. प्रत्येक सूचना सारख्याच लोकांसमोर गेली का, हे आधी पाहायचं आणि मग मतं मोजायची. पुढचं सगळं याच्यासाठी.

खड्ड्याला मतं मागू नयेत

पहिली चाळणी दारातच लावा. तक्रार वेगळी, सूचना वेगळी. गटारीचं झाकण गेलंय, खांबावरची तार लोंबतेय, नळाला गढूळ पाणी येतंय, या तक्रारी आहेत. त्यांना मतांची गरज नाही, त्या त्याच दिवशी संबंधित खात्याकडे गेल्या पाहिजेत. उघडं झाकण चाळीस मतं मिळेपर्यंत यादीत पडून राहिलं, तर तिथे कुणाचा तरी पाय मोडतो. म्हणून फॉर्मचा पहिलाच प्रश्न असा ठेवा: ‘आधी चालू असलेलं काही बिघडलंय, की नवं काही हवंय?’ बिघडलंय म्हटलं की रस्ता वेगळा. या एका प्रश्नानं यादी बरीच हलकी होते आणि उरलेल्या सूचनांची एकमेकींशी खरी तुलना करता येते.

दुसरी गोष्ट, लोकांना उपाय विचारण्याआधी अडचण विचारा. ‘स्पीड ब्रेकर हवा’ हा उपाय झाला. ‘शाळा सुटताना मुलांना रस्ता ओलांडता येत नाही’ ही अडचण. अडचण लिहून घेतली की त्याखाली स्पीड ब्रेकर, पांढरे पट्टे, शाळा सुटायच्या वेळी पोलीस असे तीन उपाय मांडता येतात आणि मतं अडचणीला पडतात. उलट केलं तर एकाच अडचणीचे तीन उपाय एकमेकांची मतं खातात.

फॉर्ममध्ये चारच रकाने पुरेत. कुठे, काय होतं आणि वर्षातून साधारण किती वेळा, कुणाला त्रास होतो, उपाय सुचत असेल तर तो. चौथा रकाना सक्तीचा नको. शीर्षक ७० अक्षरांच्या आत बसवा, कारण मोबाइलच्या पडद्यावर दोन ओळींपलीकडे कुणी वाचत नाही. फोटो एकच पुरे. जास्त फोटो मागितले की रेंज कमी असलेल्या गावातून सूचना पाठवताना निम्म्यातच अडकते आणि माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही.

‘रस्ता करा, पथदीप लावा आणि बसही सोडा’ असली तिहेरी सूचना तशीच ठेवू नये. तोडण्याचा नियम सोपा आहे: एक खातं, एक काम, एक सूचना. रस्ता कुणाचा ते आधी बघायचं. शहरातली गल्ली असेल तर मनपा, राज्य रस्ता असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं, कॅम्पातला असेल तर छावणी मंडळ. वीजपुरवठा हेस्कॉम या वीज कंपनीकडे, बस वायव्य कर्नाटक परिवहनकडे, रुळांच्या हद्दीतलं काही असेल तर रेल्वेकडे. कॅम्पातली सूचना मनपाकडे पाठवली तर उत्तरच येत नाही, आणि लोकांना वाटतं आपलं कुणी ऐकत नाही. सूचना टाकणाऱ्यानं हे ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. ते काम साइट चालवणाऱ्यांचं. तोडल्यावर मूळ माणसाला तिन्ही सूचनांचे दुवे पाठवा, नाहीतर त्याला आपलं लिहिलेलं हरवल्यासारखं वाटतं.

ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही किंवा टाइप करायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी आवाजी मेसेज आणि कागदाची चिठ्ठी हे दोन दरवाजे उघडे ठेवा. स्त्रीशक्ती संघाच्या (महिला बचत गटाच्या) बैठकीत वही फिरवली तर पाण्याच्या आणि शौचालयाच्या ज्या सूचना येतात त्या साइटवर सहसा उमटत नाहीत. वहीतून आलेली सूचना भरणाऱ्याच्या नावावर नको, ‘बैठकीतून’ अशी खूण करून टाका. मूळ बोली बदलू नका. ‘पाणी एका दिवसाआड येतंय आणि प्रेशर नाही’ हे वाक्य जसंच्या तसं राहू दे.

एकाच जागेची दहा नावं

आता पहिल्या उदाहरणाकडे. आपल्या सीमाभागात दुहेरी सूचना ओळखणं हे बाकीच्या ठिकाणांपेक्षा अवघड काम आहे, कारण भाषा दोन-तीन, लिप्या दोन-तीन आणि एकाच गावाची नावं दोन. येळ्ळूर आणि यळ्ळूर. सौंदत्ती आणि सवदत्ती. चिकोडी आणि चिक्कोडी. निपाणी आणि निप्पाणी. बेळगाव आणि, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर, बेळगावी. यातलं बरोबर कुठलं हा वाद साइटवर घालायचाच नाही. दोन्ही नावं एका जागेच्या खात्यावर जमा करायची, एवढंच.

त्यासाठी जागांचा तक्ता करा. एका ओळीत एक जागा: तिचा क्रमांक, मराठी नाव, कन्नड नाव, इंग्रजी अक्षरांतली लोक लिहितात ती रूपं, जुनं नाव, वॉर्ड. ‘तिसरं गेट’च्या ओळीत थर्ड गेट, ३ रे गेट, मूरने गेट सगळं येईल. हा तक्ता एका बैठकीत पूर्ण होत नाही. सुरुवातीला गल्ल्या, चौक, देवळं, शाळा, बसथांबे भरा, आणि दर आठवड्याला ज्या सूचनांची जागा ओळखली गेली नाही त्यांतून नवी रूपं टिपत जा. आकडे विसरू नका. मराठी ३ आणि इंग्रजी कळपटावरचा तीन ही संगणकाला दोन वेगळी अक्षरं वाटतात.

खरी गंमत ‘तिसऱ्या’ या एका शब्दात आहे. तो तीन तऱ्हांनी टाइप होतो. ‘तिसऱ्या’ यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. ‘तिसर्‍या’ यात साधा र, हलन्त, आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. तिसरी तऱ्हा, मोबाइलवर घाईत लिहिलेलं ‘तिसर्या’, डोक्यावर रफार दिलेलं. युनिकोडचं (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं) नेहमीचं एकसारखं करणं वापरलं तरी हे तिन्ही एक होत नाहीत. म्हणून तुलनेसाठी मजकुराची एक वेगळी प्रत बनवा आणि तिच्यात न दिसणारी जोडचिन्हं काढा, अक्षराखालचा नुक्ता (टिंब) काढा, ऱ चा र करा. तिन्ही शब्द एक होतील. याची किंमत आहे: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचारी’चं ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्य’चं ‘आचार्यांना’ हेही एक होतात. सूचना शोधताना एवढं चालतं. लोकांना दाखवायचा मजकूर मात्र त्यांनी लिहिला तसाच ठेवा, त्याला हात लावायचा नाही.

कन्नडसाठी एक सोय आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नडचे तक्ते एकाच क्रमानं मांडलेले आहेत. कन्नड ‘क’चा क्रमांक ३२२१, देवनागरी ‘क’चा २३२५. फरक ८९६. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की बहुतेक वेळा त्याच उच्चाराचं देवनागरी अक्षर मिळतं, ळ सुद्धा बरोबर ळ वर येतो. दोन ठिकाणी हात फिरवावा लागतो: कन्नडमधला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ देवनागरीच्या वेगळ्या, मराठीत न वापरल्या जाणाऱ्या अक्षरांवर जातात, त्यांना साध्या ए-ओ वर आणा; आणि शब्दाच्या शेवटी उरलेला हलन्त काढा, म्हणजे ‘गेट्’चं ‘गेट’ होतं. गावांची, गल्ल्यांची, माणसांच्या तोंडातल्या इंग्रजी शब्दांची ओळख एवढ्यानं पटते.

अर्थाची ओळख पटत नाही. त्यासाठी छोटा दुभाषी कोश लागतो आणि तो खरोखर छोटा असतो, कारण नागरी सूचनांमध्ये तेच तेच शब्द येतात. गटार–चरंडी, पाणी–नीरु, कचरा–कस, खड्डा–गुंडी, पथदीप–बीदी दीप. साठ-सत्तर जोड्यांनी बरंचसं काम भागतं. कन्नड वाचणारा आणि मराठी वाचणारा असे दोघे शेजारी बसून एका संध्याकाळी हा कोश करू शकतात.

सारखेपणा मोजायला शब्द नव्हे, तीन-तीन अक्षरांचे तुकडे घ्या. मराठीत गटार कधी ‘गटारीत’, कधी ‘गटारीला’, कधी ‘गटारीचं’ होते. शब्द जुळवायला गेलात तर तीन वेगळे शब्द, तुकडे जुळवलेत तर सुरुवातीचे सगळे तुकडे समान. दोन सूचनांमधले समान तुकडे भागिले दोन्हींतले मिळून वेगवेगळे तुकडे, हे गुणोत्तर ०.३ च्या वर गेलं तर जोडी ‘सारखी असावी’ म्हणून दाखवा. शंभर जोड्या हातानं तपासून मग ०.३ चं ०.२५ करायचं की ०.४ ते ठरवा. इथे एक खड्डा आहे. पायथन या संगणक-भाषेतल्या मूळ रेगेक्समधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या साधनातलं) शब्द ओळखणारं चिन्ह काना-मात्रेला अक्षर मानत नाही. ‘गटारीत’ त्याला दिलं तर ‘गट’, ‘र’, ‘त’ असे तीन तुकडे पडतात आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. डेटाबेसच्या काही मांडणीतही हेच होतं. तुलना चालू करण्याआधी हा एक शब्द आत टाकून बाहेर काय येतं ते पाहा.

यंत्रानं फक्त सुचवायचं, जोडायचं माणसानं. सूचना पाठवण्याआधीच ‘अशी सूचना आधी आली आहे का?’ म्हणून जास्तीत जास्त तीन दाखवा. पाच-सहा दाखवल्या तर लोक न वाचता पुढे जातात. नंतरची जोडणी दोघांनी मान्य केली तरच करायची, एक मराठीवाला आणि एक कन्नडवाला. जोडताना मतांची बेरीज करू नका, मतदारांची एकत्र यादी करा. ज्यानं दोन्हीकडे मत दिलंय तो एकदाच मोजला जातो. वरच्या उदाहरणात १८, १७, २२, १३ मिळून ७० दिसतात, पण त्यांतले आठ जण दोनदोनदा आलेले असतील तर खरी माणसं ६२. तीही पन्नासांपेक्षा जास्तच. जोडलेल्या चारही सूचना मुख्य शीर्षकाखाली त्यांच्या मूळ भाषेत उघडून वाचता आल्या पाहिजेत, चौघांनाही कळवलं पाहिजे, आणि ‘माझी सूचना वेगळी आहे’ म्हणायला सात दिवस दिले पाहिजेत. शीर्षक दोन्ही भाषांत. एका भाषेतली सूचना दुसऱ्या भाषेतलीच्या पोटात गेली असं दिसलं तर तंटा होतो, आणि तो गटारीपुरता राहत नाही.

क्रम

आधी मतांचा आकडा लपवा. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. एका बातम्यांच्या साइटवरच्या १ लाखाहून जास्त प्रतिक्रियांमधल्या काहींना, त्या आल्या आल्या, एक बनावट पसंती देण्यात आली. पुढच्या पहिल्या वाचकानं पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. एका मतानं एवढा फरक. बनावट नापसंती मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढली. याचा अर्थ, सुरुवातीला मित्रांनी दिलेली चार मतं शेवटपर्यंत सूचनेला वर ढकलत राहतात. म्हणून माणसानं स्वतःचं उत्तर दिल्याशिवाय त्याला आकडा दिसू नये.

दुसरं, दिलेल्या होकारांतून नकार वजा करून क्रम लावू नका. एका सूचनेला ३०० होकार आणि १८० नकार, वजाबाकी १२०. दुसरीला ९५ होकार, ५ नकार, वजाबाकी ९०. पहिली वर जाते, जरी तिच्यावर गाव जवळपास दुभंगलंय आणि दुसरीवर जवळजवळ एकमत आहे. नुसती टक्केवारी घेतली तर उलटी चूक होते: दोनपैकी दोन होकार म्हणजे १०० टक्के, तीच पहिली. या दोन्ही चुका टाळणारं सूत्र गणिती एडविन विल्सन यांनी १९२७ साली मांडलं. आपल्याकडची माहिती किती थोडी आहे हे लक्षात घेऊन ते टक्केवारी खाली आणतं. रेडिट या चर्चेच्या साइटनं २००९ पासून प्रतिक्रिया लावायला तेच घेतलं.

हिशेब कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये बसतो. न म्हणजे एकूण उत्तरं, प म्हणजे होकारांचा वाटा, ० ते १ मधे. प मध्ये (१.९२ भागिले न) मिळवा. आता वेगळं काढा: प गुणिले (१ वजा प), भागिले न, त्यात (०.९६ भागिले ‘न’चा वर्ग) मिळवा, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६. हे पहिल्यातून वजा करा. उरलेल्याला (१ अधिक ३.८४ भागिले न) यानं भागा. आलेला आकडा सूचनेचा गुण. दोनपैकी दोन होकारांना ०.३४, पाचपैकी पाचांना ०.५७, शंभरपैकी नव्वदांना ०.८३. वरच्या जोडीत ३०० विरुद्ध १८० ला ०.५८ आणि ९५ विरुद्ध ५ ला ०.८९. आता क्रम पटण्यासारखा लागतो.

या सूत्राचं आपल्या भागासाठीचं मोठेपण वेगळंच आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या जंगलातली आमगाव, गवाळी, कोंगळा ही गावं घ्या. पावसाळ्यात नाल्यावर पाऊलपूल हवा अशी सूचना तिथून आली तर तिला चारशे मतं कधीच पडणार नाहीत, तेवढी माणसंच नाहीत. पण समजा अठरा जणांना विचारलं आणि अठराही जणांनी ‘हवा’ म्हटलं, तर गुण येतो ०.८२, म्हणजे शहरातल्या शंभरपैकी नव्वदांच्या बरोबरीनं. मतांच्या बेरजेत ही सूचना शेवटच्या पानावर गेली असती. गाव अगदीच लहान असेल आणि निम्म्याहून जास्त प्रौढांनी उत्तर दिलं असेल तर हे सूत्रही त्या गावाला थोडं कमीच लेखतं. अशा वेळी गावनिहाय क्रम वेगळा लावून प्रत्येक गावाच्या पहिल्या दोन सूचना तालुक्याच्या यादीत थेट घ्याव्यात.

सूत्राला नकार लागतो, आणि नकाराचं बटण आपल्याकडे जपून ठेवावं लागतं. भावकी आहे, गल्ली आहे, कुणी कुणाला नापसंती दिली हे दिसलं तर बोलणं बंद होतं. उत्तरं अशी ठेवा: ‘हवं’, ‘सध्या गरज नाही’, ‘मला सांगता येत नाही’. नावं कुणालाच दिसू नयेत. ‘सांगता येत नाही’ हे हिशेबात धरायचं नाही. वरच्यासारखी लहान गावं सोडली, तर तीसपेक्षा कमी उत्तरं असलेली सूचना क्रमात न घालता ‘अजून विचारतो आहोत’ या वेगळ्या यादीत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साइटवर आलेल्या प्रत्येकाला आधी त्याच्या वॉर्डातल्या किंवा गावातल्या सहा सूचना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून दाखवा, त्यांत ज्यांना कमी उत्तरं मिळालीत त्या जास्त वेळा येतील असं पाहा. क्रम फक्त या सहांवरच्या उत्तरांतून लावा. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या दुव्यावरून येऊन दिलेली मतं पुसू नका, ती माणसं खरी आहेत; पण ती ‘पाठिंबा’ म्हणून शेजारी वेगळी दाखवा, क्रमात धरू नका. एका रात्रीत दोनशे मतं आली तर ती खोटी ठरवत बसण्याची गरजच उरत नाही. ओळख फोन नंबरावर ठेवलीत तर एका घरात एकच फोन असण्याची अडचण येते, म्हणून एका नंबरावर चार जणांपर्यंत नावं घेऊ द्या.

नुसत्या पाठिंब्याची पायरी ठेवली की काय होतं ते माद्रिदमध्ये दिसलं. तिथल्या महापालिकेनं २०१५ साली सूचनांची साइट सुरू केली. १६ वर्षांवरच्या रहिवाशांपैकी १ टक्क्याचा पाठिंबा मिळाला तरच सूचना मतदानाला जायची. हजारो सूचना आल्या. २०१७ च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या मतदानापर्यंत पोचल्या दोन. पाठिंबा एवढ्या सूचनांमध्ये विखुरला की चांगली सूचनाही पायरीखालीच राहते.

यादी वीस-चाळीसांवर आली की जोडीनं विचारणं उपयोगी पडतं. पडद्यावर दोनच सूचना, एक निवडा. प्रिन्स्टन विद्यापीठाचे मॅथ्यू सॅल्गॅनिक यांनी २०१० साली ही पद्धत सगळ्यांना वापरता येईल अशी खुली केली. चाळीस सूचनांच्या ७८० जोड्या होतात, पण सगळ्या विचारायच्या नसतात. प्रत्येक सूचना तीस वेळा समोर आली तरी बस्स. चाळीस गुणिले तीस, भागिले दोन, म्हणजे ६०० उत्तरं. शंभर जणांनी सहा-सहा दिली की झालं. गुण असा: (जिंकलेल्या वेळा अधिक १) भागिले (एकूण वेळा अधिक २). पद्धत कुठे फसते? पूल आणि बाकडं समोरासमोर आले की पूलच जिंकतो, जरी पुलाला पैसे नसले आणि बाकडं उद्या बसवता येत असलं.

म्हणून शेवटच्या फेरीत पैसे दाखवा. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरानं १९८९ पासून लोकांना अंदाजपत्रकात भाग दिला, पुणे महापालिकेनं २००६ पासून. साइटवर तेच लहान प्रमाणात करता येतं. समजा वॉर्डाला १० लाख आहेत. प्रत्येक सूचनेपुढे अभियंत्यानं काढलेला ढोबळ खर्च लिहा आणि लोकांना ९ लाखांची थैली भरायला सांगा, १ लाख वाढीव खर्चासाठी बाजूला. किती जणांच्या थैलीत कुठलं काम आहे त्यावर क्रम. वरून घेत जा. एखादं काम उरलेल्या पैशात बसत नसेल तर ते सोडून पुढचं घ्या. खर्च न लिहिता विचारलं तर सगळ्यांना सगळंच हवं असतं.

एक गोष्ट अजिबात करू नका: जुनी सूचना आपोआप खाली घसरवणं. रेडिटनं खुल्या केलेल्या ‘हॉट’ यादीच्या जुन्या सूत्रात ४५,००० सेकंद, म्हणजे साडेबारा तास जुनं होणं हे दहापट मतं गमावण्याइतकं पडायचं. बातमीला ते ठीक. बेळगावातला बळ्ळारी नाला जुलैत फुगतो, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरून भात कुजतं, आणि सगळ्या सूचना त्याच दिवसांत येतात. मनपाचं अंदाजपत्रक मात्र १ एप्रिलच्या आधी ठरतं. वयानुसार घसरवलं तर पैसे वाटायच्या वेळी नाल्याची सूचना कुठल्या कुठे गेलेली असते आणि वर असते उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेली पाणपोईची. म्हणून प्रत्येक सूचनेला हंगामाची खूण लावा: पावसाळी, उन्हाळी, सणाची, बारमाही. पावसाळी सूचना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोटोसकट पुन्हा सहाच्या फेरीत घाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, नालेसफाई व्हायला हवी त्या दिवसांत, मूळ सूचना टाकणाऱ्यांना आणि ‘हवं’ म्हणणाऱ्यांना एकच मेसेज जाऊ दे, ज्याच्या त्याच्या भाषेत: ‘नाल्याचं काम झालं का?’ उत्तरं तीनच, झालं, अर्धवट, नाही. खात्याच्या कागदावर ‘पूर्ण’ असलं तरी तिथे राहणाऱ्या निदान पाच जणांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय साइटवर ते पूर्ण दाखवू नका. ‘अर्धवट’ची उत्तरं जास्त आली तर नाल्याचा कुठला तुकडा राहिला ते विचारा, आणि तेवढ्या तुकड्याची नवी सूचना जुन्या मतदारांसह त्याच दिवशी उघडा.